मैथिलीच्या हाडातल्या रेघा

आवाज फार मोठा नव्हता. कोवळी आहे की जून, हे पाहायला भेंडीचं टोक मोडतात, तेव्हा होतो तेवढाच. पण शिरीष गावंडेला तो कूलरच्या घरघरीतूनही स्वच्छ ऐकू आला, आणि पायजमा चढवता चढवता त्याचे हात जागच्या जागी थांबले.

दोन हजार एकेचाळीस सालचा एप्रिल. अकोल्यातली सकाळ, सव्वासातचा सुमार. पलंगावर त्याची नऊ वर्षांची मुलगी मैथिली उताणी पडली होती. जन्माच्या वेळी तिच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला होता. डॉक्टरांच्या भाषेत सेरेब्रल पाल्सी. तिला चालता येत नव्हतं, आधाराशिवाय बसता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं; फिट येऊ नयेत म्हणून रोज गोळ्या चालू होत्या. 'हो' म्हणायचं असेल तर ती नजर छताकडे न्यायची, 'नाही' म्हणायचं तर डोळे घट्ट मिटायची, आणि तेवढ्या भांडवलावर घरात बऱ्यापैकी हुकूमत गाजवायची. तिचे पाय सदा ताठ. रोज सकाळी ते हलक्या हाताने वाकवून, फिरवून मोकळे करायचे आणि मग कपडे चढवायचे, हे काम शिरीषचं. कारण त्याची बायको स्नेहल साडेसहाच्या बसने वाशीमला बँकेत जायची, आणि मैथिलीला दिवसभर सांभाळणाऱ्या वनितामावशी आठला यायच्या.

मैथिलीने तोंड उघडलं. आधी आवाजच फुटला नाही. मग एक बारीक, लांबलेला सूर निघाला. शिरीषने गुडघ्याखालचा हात काढून घेतला, पाय गादीवर टेकवला आणि तिच्या केसांतून बोटं फिरवत राहिला. "झालं, झालं, राणी. झालं हं."

पाचेक मिनिटांनी ती शांत झाली. सांधा वाजला असेल, त्याने मनाला समजावलं. आपली बोटं नाही का मोडत? पण पायजमा पुढे ओढणं किंवा परत काढणं, दोन्हींपैकी काहीच त्याच्याने होईना. त्याने वरून पातळ चादर टाकली. मावशी आल्या तेव्हा तो दारातच डबा घेऊन उभा होता.

"आज कपडे राहू द्या मावशी. उकडतंय फार."

एवढं बोलून तो महाविद्यालयाच्या ग्रंथालयात निघून गेला. तिथे तो ग्रंथपाल होता. माणसांपेक्षा पुस्तकांशी त्याचं बरं जमायचं.

साडेअकराला फोन आला. "भाऊ, लवकर या जी. पोरगी पायाले हात लावू देत नाही. मांडी फुगली तिची."

दवाखान्यात क्ष-किरण चित्र काढलं. डाव्या मांडीचं हाड गुडघ्याच्या जरा वर मोडलं होतं. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरने विचारलं, "सकाळपासून हिच्याजवळ कोण होतं?"

"मी होती नं," वनितामावशी म्हणाल्या. "आठ वाजल्यापासून मीच."

खोलीतल्या सगळ्यांच्या नजरा मावशींकडे वळल्या. शिरीषने तोंड उघडलं. नेमकं तेव्हाच नर्सने विम्याचं कार्ड मागितलं. त्याने पाकीट काढलं, कार्ड शोधलं, दिलं. तोवर बोलायची वेळ निघून गेली होती.

पुढचं सगळं नियमाने झालं. दोन वर्षांपूर्वी कायदा आला होता: बोलू न शकणाऱ्या मुलाचं हाड मोडलं, तर दवाखान्याने बालसुरक्षा समितीला कळवायचं, आणि चौकशी संपेपर्यंत सांभाळणाऱ्या व्यक्तीचं काम थांबवायचं. संध्याकाळपर्यंत नोंदणीकृत मदतनिसांच्या यादीत मावशींच्या नावापुढे लाल खूण पडली. त्या दुपारनंतर एका म्हाताऱ्या प्राध्यापकांकडे जायच्या. त्यांनीही 'आता येऊ नका' असा निरोप पाठवला.

"सात वर्षं," स्नेहल त्या दिवशी पुन्हा पुन्हा म्हणत होती. "सात वर्षं आपण त्या बाईवर घर टाकून जात होतो, शिरीष."

तो म्हणाला, "हं."

सांगायचं त्याने रोज ठरवलं. सकाळी दाढी करताना तर अख्खी वाक्यं जुळवली. पण समिती मुलांना आईबापांपासून काढून बालगृहात हलवते, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं, आणि वाचलेल्या गोष्टीवर त्याचा चटकन विश्वास बसत असे. मैथिली बालगृहात. तिची नजर छताकडे गेली की ती 'हो' म्हणतेय, हे तिथे कोणाला कळणार? की मग हे सगळं निमित्त होतं, आणि खरी गोष्ट एवढीच होती की तो भित्रा होता? हेही त्याला ठरवता येईना. दिवस जात राहिले.

नवव्या दिवशी, बुधवारी, डॉ. नसरीन पटेल यांचा फोन आला. त्या मुलांच्या हाडांच्या डॉक्टर, मैथिलीचे ताठ पाय आधीपासून तपासणाऱ्या. "शुक्रवारी मैथिलीला घेऊन या. आपल्याकडे अस्थिवाचक आलाय."

अस्थिवाचकाबद्दल शिरीषने आधीच वाचलं होतं. क्ष-किरण चित्रात हाड कुठे मोडलं ते दिसतं; का आणि केव्हा, ते दिसत नाही. हे यंत्र किरण वापरतच नाही. एक मऊ पट्टा पायाभोवती गुंडाळायचा. त्यातून आपल्या कानांना ऐकू न येणारा, फार उंच पट्टीतला ध्वनी हाडात सोडायचा. भरीव हाडातून ध्वनी वेगाने पळतो, पोकळ हाडात रेंगाळतो. असे लाखो प्रतिध्वनी जुळवून संगणक हाडाचं आतलं चित्र उभं करतो, केसाच्या दहाव्या हिश्श्याइतकं बारीक. मोडलेल्या टोकापाशी रक्त गोठतं, पेशी मरतात, नव्या येतात. या सगळ्याला ठरलेलं वेळापत्रक असतं. त्यामुळे पहिल्या दोन आठवड्यांत यंत्र मोडल्याची वेळ तासा-दोन तासांच्या फरकाने सांगतं. आणि भोवतालच्या सूक्ष्म तड्यांच्या दिशेवरून, हाडावर किती जोर पडला तेही.

याशिवाय एक गोष्ट होती, ती शिरीषने वाचली होती पण मनावर घेतली नव्हती. वाढत्या वयात हाड टोकांकडून लांब होतं. मूल आजारी पडलं किंवा उपाशी राहिलं की ही वाढ काही दिवस थबकते, आणि पुन्हा सुरू होते तेव्हा त्या जागी एक बारीक आडवी रेघ राहून जाते. डॉक्टरांना अशा रेघा शंभर वर्षांपासून क्ष-किरण चित्रांत पुसट दिसत होत्या. अस्थिवाचकाला त्या इतक्या स्पष्ट दिसत की मुलाचा कोणता महिना कसा गेला, ते वाचता येई.

"बरं झालं," स्नेहल म्हणाली. "आता कळेल त्या बाईने काय केलं ते."

गुरुवारी दुपारी वनितामावशी ग्रंथालयात आल्या. सात वर्षांत त्या इथे पहिल्यांदाच येत होत्या. परीक्षेचे दिवस; वाचनकक्षात मुलं दाटीवाटीने बसलेली. मावशी काउंटरपाशी उभ्या राहिल्या, आणि ग्रंथालयात हळू बोलतात हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

"भाऊ, घरी येऊ देत नाही म्हणून इकडे आली. पोरगी कशी आहे?"

पाच-सहा माना वर झाल्या. शिरीष घाईने बाहेरच्या व्हरांड्यात गेला. मावशी मागोमाग.

"बरी आहे. पाय प्लास्टरात आहे."

"खाते का?"

"नेहमीसारखंच."

"नेहमीसारखं म्हंजे काय, ते मले माहीत आहे." मावशींनी पदराने घाम पुसला. "उद्या मशीन लावतेत म्हणे. समितीच्या बाईंनं सांगतलं मले. मशीन खरंच सांगते नं?"

"हो. चुकत नाही."

"मंग लावू द्या. मले काही भेव नाही. मी फक्त इचाराले आली की तुम्ही तं मले ओळखता. तुम्हाले काय वाटते? मी केलं असन?"

व्हरांड्याच्या टोकाला दोन मुलं सामोसे खात हसत होती. शिरीष त्यांच्याकडे बघत राहिला.

"नाही," तो म्हणाला. "तुम्ही नाही केलं."

"बस. मंग झालं," मावशी म्हणाल्या, आणि उन्हात निघून गेल्या. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान पसरलं होतं की शिरीषला ते बघवेना. दुपारभर त्याने परत आलेल्या पुस्तकांवर चुकीच्या तारखांचे शिक्के मारले.

शुक्रवारी सकाळी दहाला तपासणीच्या खोलीत पाच जण होते. पलंगावर मैथिली, तिच्याशेजारी पन्नाशीच्या, बुटक्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या डॉ. नसरीन, मग स्नेहल, शिरीष, आणि खुर्चीत फाईल घेऊन बसलेल्या समितीच्या सरनाईक मॅडम. पट्टा थेट कातडीला टेकावा म्हणून प्लास्टरमध्ये खिडकीसारखा एक चौकोन कापला होता. डॉक्टरांनी पट्टा हातात घेतला.

"थांबा," शिरीष म्हणाला.

"पट्टा लावायच्या आधी मला काही सांगायचंय. हे माझ्या हातून झालं. मागच्या आठवड्यात, मंगळवारी, सव्वासातला. पायजमा घालताना. मला आवाज ऐकू आला होता. वनितामावशी तेव्हा आल्याही नव्हत्या."

स्नेहल त्याच्याकडे बघत होती, पण ओळखीच्या माणसाकडे बघतात तशी नाही.

"दहा दिवस," ती हळू म्हणाली. "दहा दिवस तू माझ्यासमोर बसून जेवत होतास."

"हो."

"मी त्या बाईला काय काय बोलले. तू ऐकत होतास."

"हो."

सरनाईक मॅडमनी पेन उघडलं. डॉ. नसरीन यांनी मात्र चष्मा डोळ्यांवर ओढला. "लिहा, मॅडम, जरूर लिहा. पण पट्टा मी लावणारच आहे. कोणी मोडलं यापेक्षा का मोडलं, हे मला हवंय."

यंत्राने वीस मिनिटं घेतली. त्यातून काहीच आवाज येत नव्हता. मैथिली मात्र कान टवकारून ऐकल्यासारखी पडली होती. मग पडद्यावर राखाडी रंगाचं हाड उमटलं.

"मंगळवार. सकाळी सहा ते आठच्या दरम्यान," डॉक्टर वाचू लागल्या. "तुम्ही खरं बोललात. पीळ पडून मोडलंय. आणि जोर..." त्या थांबल्या. त्यांनी आकडा पुन्हा तपासला. "एक लिटर दुधाची पिशवी ओट्यावरून उचलायला लागतो ना, तेवढा."

"म्हणजे?" सरनाईक मॅडम.

"म्हणजे काहीच नाही. निरोगी मुलाच्या हाडाला कळलंसुद्धा नसतं. यांनी पाय मुरगाळला नाही, ओढला नाही, आपटला नाही. कोणाच्याही हातात मोडलं असतं. मावशींच्या, आईच्या, माझ्यासुद्धा."

दहा दिवस छातीवर कोणीतरी बसलं होतं, ते उठून गेल्यासारखं शिरीषला वाटलं. पण डॉक्टरांचं बोलणं संपलं नव्हतं. त्यांचं बोट पडद्यावर गुडघ्याजवळच्या भागाकडे सरकलं.

"आता हे बघा. या रेघा. इथपर्यंत तुरळक आहेत. एखादा ताप, एखादा जुलाब. आणि इथून पुढे?"

पुढे रेघाच रेघा होत्या. वहीच्या पानासारख्या, एकीखाली एक, दाट.

"हे हाड उपाशी आहे," डॉक्टर म्हणाल्या. "साधारण अडीच वर्षांपासून. तेव्हा काय झालं होतं घरात?"

स्नेहलच उत्तरली. "दिवाळी. तिला शंकरपाळा दिला होता, भिजवून. घशात अडकला. काळीनिळी पडली होती. शिरीषने उलटी धरून पाठीवर मारलं, तेव्हा निघाला."

"आणि त्यानंतर?"

त्यानंतरचं शिरीषला सांगायला हवं होतं. त्याने सांगितलं. ग्रंथालयात आरोग्यशास्त्राचं एक जुनं, जाड पुस्तक होतं. त्यात लिहिलं होतं की अशक्त माणसाला पातळ आणि गाळलेलं अन्न द्यावं, ते पचायला हलकं असतं. तेव्हापासून तो मैथिलीचं सगळं अन्न श्रीखंडाचा चक्का बांधायच्या मलमलच्या फडक्यातून स्वतः गाळत होता. वरणाचं पाणी, भाताची पेज, भाजीचं पाणी. कणही राहू द्यायचा नाही. दिवसातून चार वेळा, प्रत्येक वेळी काठोकाठ मोठी वाटी. तापातसुद्धा त्याने एकही वाटी चुकवली नव्हती.

"उन्हात नेता?"

"नाही. लख्ख उजेडाने तिला फिट येईल अशी भीती वाटते. खोलीला काळे पडदे आहेत."

"तुमच्याजवळ आत्ता तिचं दुपारचं आहे का?"

थर्मास होता; दुपारचं तो सकाळीच गाळून त्यात भरून ठेवायचा. डॉक्टर त्यांना घेऊन वॉर्डच्या स्वयंपाकघरात गेल्या. तिथल्या बाईंकडून स्टीलची थाळी मागून घेतली, शेगडीवर ठेवली आणि थर्मासमधलं वाटीभर वरणाचं पाणी तिच्यात ओतलं. पाणी तडतडलं, उकळलं, वाफ झाली. पंधरा मिनिटांत थाळीत एक पिवळा पापुद्रा तेवढा उरला. डॉक्टरांनी तो चमच्याने खरवडला. चमचा पूर्ण भरलाही नाही.

"हे तिचं जेवण. बाकीचं पाणी होतं."

शिरीष खाली चमच्याकडे बघत राहिला. चार वाट्या. अडीच वर्षं. प्रत्येक वाटी संपल्यावर तिने तोंड उघडून आणखी मागितलं की तो कौतुकाने म्हणायचा, "बघ, किती आवडतं हिला."

"वर बघा," डॉ. नसरीन म्हणाल्या. "अहो गावंडे, माझ्याकडे बघा. पुस्तक जुनं होतं, पण गाळलंत ते मायेपोटी. आणि एकटे तुम्हीच नाही. आम्ही डॉक्टर लोक वर्षानुवर्षं फिटच्या गोळ्या लिहून देतो. त्या गोळ्या शरीरातलं ड जीवनसत्त्व खाऊन टाकतात, आणि ते नसलं की पोटात गेलेलं कॅल्शियमही हाडापर्यंत पोचत नाही. कोणी एकाने तरी या मुलीचं हाड तपासायला हवं होतं. वजन बघायला हवं होतं. 'अशी मुलं बारीकच असतात' म्हणून सगळे पुढे गेले. मीसुद्धा."

"पण घट्ट दिलं तर अडकेल ना?" स्नेहलने विचारलं.

"कडक अडकतं. आणि पाण्यासारखं पातळही घशातून चुकीच्या वाटेने जातं, कारण ते फार पटकन घसरतं. श्रीखंडाएवढं घट्ट, मऊ, एकजीव. ते हळू सरकतं, गिळायला वेळ मिळतो. मी शिकवते. जीवनसत्त्वं देऊ, हाड घट्ट व्हायचं औषध शिरेतून देऊ. सकाळचं कोवळं ऊन द्या. तिच्या फिट उजेडाने येणाऱ्या नाहीत, तो तपास फाईलमध्ये आहे."

"भरून निघेल?" शिरीषने विचारलं.

"निघेल. मुलांचं हाड फार उदार असतं. देऊन तर बघा त्याला."

सरनाईक मॅडमनी स्वयंपाकघराच्या दारातच उभ्या उभ्या फाईल बंद केली. मदतनिसावर दोष नाही; पालकांना आहाराचं मार्गदर्शन; मूल घरीच राहील. हे शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा वाचून दाखवलं, कारण पहिल्यांदा शिरीष नुसता बघत राहिला होता. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा त्याला रडू आलं. आणि रडता रडताच, दहा दिवसांत पहिल्यांदा, सपाटून भूक लागल्याचं जाणवलं.

रिक्षात स्नेहल एवढंच म्हणाली, "उद्या मावशींकडे जा. एकटा जा. आणि तोंडाने सांग. चिठ्ठी लिहून येऊ नकोस, तुझा काही नेम नाही."

तो गेला तेव्हा मावशी आपल्या गच्चीवर जुन्या लुगड्यावर मुगवड्या घालत होत्या. शिरीषने उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले नाहीत. एकेक वडी बोटाने सुटत होती, ओळीत बसत होती.

"काल समितीचा फोन आला," त्या म्हणाल्या. "नाव साफ झालं म्हणे. मले वाटलं मशीननं सांगतलं."

"मशीनच्या आधी मी सांगितलं."

"आन् मशीन आलीच नसती तं?"

शिरीषने उत्तर शोधलं. हो, सांगितलं असतं, असं म्हणावंसं फार वाटलं.

"माहीत नाही, मावशी."

त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "हे खरं बोलले." मग पिठाचा हात परातीच्या काठाला पुसला. "माह्या नावाचं सोडा. नाव धुतलं जाते. पण सव्वासात ते साडेअकरा त्या लेकराचा पाय मोडेल होता, आन् तुम्ही वर चादर टाकून पुस्तकं वाटाले गेले. मी तिले दोनदा कूस बदलवली, भाऊ. मोडेल पायावर! ती रडे तं मी म्हणो, नाटक करू नको बाप्पा. मले कोण सांगणार होतं?"

शिरीष उन्हात उभा राहिला. डोकं तापलं, तरी सावलीत सरकावं असं त्याला वाटलं नाही.

"बसा तिथं छपरात. भोवळ येऊन पडसान, मंग तेही माह्याच नावावर," मावशी शेवटी म्हणाल्या. "सोमवारपासून येतो मी. पण सैपाकघर माहं. ते फडकं मले आणून द्या, मी त्याचं पोतेरं करतो. दोन वर्ष झाले सांगून राह्यलो की सारं वरण फडक्यातच राहाते, आन् पोरीच्या पोटात पिवळं पाणी. तं तुम्ही मले पुस्तक वाचून दाखवा."

"हो."

"आता मले काही वाचून दाखवाचं नाही."

"नाही."

"आन् पडदे काढा ते काळे. घरात कोणी मेल्यावानी दिसते."

सोमवारी पडदे निघाले. मैथिलीने डोळे मिचकावत खिडकीकडे पाहिलं आणि नजर छताकडे नेली ती खाली आणीचना. मावशींनी पहिला घास भरवला: घट्ट वरण, गुरगुट्या भात, वर लोण्याचा गोळा, सगळं वाटून मऊसूत. शिरीष दारात जीव मुठीत धरून उभा. मैथिलीने तोंडात घोळवलं, गिळलं, आणि मग इतक्या जोरात ओरडली की तो धावला.

"काही नाही झालं," मावशी म्हणाल्या. "आणखी दे म्हणते. तुम्ही तिकडे व्हा."

मे, जून, जुलै. कुस्करलेलं अंडं, दही, नाचणीचं सत्त्व, तिळाचं कूट. सकाळी अर्धा तास गच्चीतलं ऊन. वजन एक किलोने वाढलं, मग अडीच किलोने. प्लास्टर निघालं. हाड जुळलं.

दुसरी एक गोष्ट मात्र जुळायला वेळ घेत होती. स्नेहल आता पहाटे पाचला उठायची, निघण्यापूर्वी मैथिलीचे पाय स्वतः मोकळे करायची, कपडे स्वतः घालायची. ती शिरीषला टोचून काही बोलली नाही. फक्त काम त्याच्याकडून काढून घेतलं. दुपारी बारा वाजता मावशींना तिचा फोन यायचा. पूर्वी तो शिरीषला यायचा. आणि त्यानेही काम परत मागितलं नाही. मैथिलीला नुसतं उचलायचं म्हटलं तरी त्याच्या तळव्यांना घाम फुटायचा. तो तिला गोष्टी वाचून दाखवायचा, हातभर अंतरावरून.

नोव्हेंबरात डॉ. नसरीन यांनी पुन्हा पट्टा गुंडाळला. या वेळी मावशीही आल्या होत्या. पडद्यावर जुन्या दाट रेघा तशाच होत्या, पण वाढत्या टोकाकडे एक रुंद, स्वच्छ, राखाडी पट्टी तयार झाली होती. तिच्यावर एकही ओरखडा नव्हता.

"हे सात महिने," डॉक्टर म्हणाल्या, आणि बोटाने पट्टीवर अशी टिचकी मारली की जणू त्यांनीच ती बांधली होती. "आता हाडाला शेवटची गोष्ट हवी. वजन. ज्या हाडावर भार पडत नाही, ते आपण कोणाच्या कामाचे नाही असं समजून झिजत जातं. हिला उभं करायचं."

कोपऱ्यात एक लाकडी चौकट होती. पाय ठेवायला पाट, गुडघ्यांना, कमरेला, छातीला पट्टे. उचलून तिच्यात उभं करायचं, पट्टे आवळायचे, रोज वीस मिनिटं.

मावशींनी पदर खोचला. "आणा, मी घेतो."

"थांबा मावशी," स्नेहल म्हणाली. "शिरीष घेईल."

शिरीषला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. "मी? नको. डॉक्टर घेतील ना..."

"घरी रोज डॉक्टर येणार आहेत का?" स्नेहलचा आवाज नेहमीसारखा होता, भाजीत मीठ टाक म्हणावं तसा. "तिचे पाय कसे ताठरतात, कुठे धरलं की सैल पडतात, ते तुझ्याएवढं कोणाला कळत नाही. मी सात महिने करतेय, मला अजून जमत नाही. ती माझ्यावर ओरडते."

"ओरडते खरी," मावशींनी दुजोरा दिला.

"मैथिली," डॉक्टरांनी खाली वाकून विचारलं, "बाबांनी उचलायचं?"

मैथिलीने नजर छताकडे नेली. एवढा वेळ विचारायला कशाला लागला, असा तिचा चेहरा होता.

शिरीषने तळवे विजारीला पुसले. एक हात मानेखाली, एक गुडघ्यांखाली. ती पूर्वीपेक्षा जड झाली होती. त्या वजनाने त्याला बरं वाटलं. डाव्या मांडीपाशी त्याचा श्वास अडखळला, पण हाताला रस्ता आठवत होता. पाय जरा फाकवले, टाच दाबली, ताठरपणा ओसरेपर्यंत थांबला, आणि तिला चौकटीत उतरवलं. तळपाय पाटावर टेकले. गुडघ्याचा पट्टा. कमरेचा. छातीचा. त्याने एकेक बोट घालून पट्टा फार घट्ट नाही ना ते पाहिलं आणि हळूहळू हात काढून घेतले.

कसलाही आवाज झाला नाही. मैथिली उभी होती.

तिचं डोकं थोडं डुगडुगलं, मग स्थिर झालं. तिने समोर पाहिलं, खिडकीतून बाहेर पाहिलं, आणि हसली.

"बाप्पा!" वनितामावशींनी गालावर हात ठेवला. "केवढी उंच पोरगी आहे ही!"

खरंच होतं. नऊ वर्षं तिला सगळ्यांनी आडवीच पाहिलं होतं. तिच्या फाईलमध्ये लांबीचा आकडा होता. उंची कोणाला माहीत नव्हती. स्नेहल पुढे आली. तिने चपला काढल्या, मुलीशेजारी उभी राहिली, हाताने आपल्या खांद्यापासून तिच्या डोक्यापर्यंतचं अंतर मोजलं आणि भुवया उंचावल्या.

"आता तू ये इकडे," ती शिरीषला म्हणाली. "असा वाकून नको रे. सरळ उभा राहा. नीट बघू दे, तुझ्या कुठपर्यंत येते."

शिरीष मुलीसमोर येऊन ताठ उभा राहिला. मैथिलीचं डोकं त्याच्या सदऱ्याच्या दुसऱ्या बटणापाशी आलं.